अर्धं लिंपलेलं दार

बूडो डोंगर,
१४ जानेवारी २००१

चि. रुस्नीता हीस,
धाकट्या मावशीचा सलाम व पुष्कळ आशीर्वाद. वि. वि. आम्ही सगळे मजेत. तुझी खुशाली तू कळवत नाहीसच, ती तुझ्या आईकडून काढून घ्यावी लागते.

अगं, तोक परत आली! चोचीवरच्या शिंगाला खाच असलेली आपली म्हातारी धनेशीण. ढोलीचा तळ खचल्यापासून दोन वर्षं बिचारी नुसती डोकावून जात होती. यंदा माझ्या घरधन्याने, तुझ्या पाक सूने, दोर लावून चढून तळात माती भरली, उंबरा नीट केला, आणि काल सकाळी नवऱ्याला घेऊन बाई हजर! पानांआडच्या लपणीत बसून मी एकटीच टाळ्या पिटल्या.

पण मागोमाग एक तरणी जोडी टपकली. त्यातली टवळी सरळ तोकच्या अंगावर! दोघी माद्या चोचीत चोच अडकवून गरगरत खाली आल्या, पिसं नुसती उधळली. दोघींचे दादले मात्र चोचीत उंबर धरून शेजारच्या फांदीवर, सासरी आलेल्या जावयांसारखे गप्प.

माझा जीव टांगणीला लागलाय. यंदाही ढोली रिकामी राहिली तर इथला पिल्लंचोरांवरचा पहारा उठवून डोंगरापलीकडे न्यायचा, असं घरटी राखणाऱ्या आमच्या गटाने ठरवलंय. मग या झाडाकडे कोण बघणार? आणि तोकने तरी कुठे जायचं? आसपासच्या सगळ्या ढोल्या भरल्यात. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून मी तिला बघतेय. माझी सासूबाईंशी ओळख झाली त्याच्या आधी तिच्याशी झाली.

लिहीत जा गं. आळशी माणसावर लोभ करणं फार जड जातं.
तुझी, मक सू सापीया

हातयाई,
२० जानेवारी

प्रिय मक सू हीस,
सलाम वि. वि. पत्र वाचून मी प्रयोगशाळेत इतक्या मोठ्याने ओरडले की आमच्या बाईंच्या हातातला चहा सांडला. दोन माद्या एका ढोलीसाठी भांडतायत आणि मी इथे बसून कोंबड्यांचं रक्त तपासतेय!

व्हॅनवाल्याबरोबर दोन बाटल्या पाठवतेय. एकीत तोकची विष्ठा घाल, दुसरीत त्या टवळीची. भांडखोरपणा वाढवणारं हार्मोन असतं, ते नरांमध्ये पुष्कळ आणि माद्यांमध्ये थोडं. पण ढोलीसाठी झगडणाऱ्या मादीत ते किती चढतं, हे आम्हाला कळायला हवंय. आत स्पिरिट आहे म्हणून पाक सू नाक मुरडेल. त्याला सांग, प्यायला नाही, घाण बुडवायला दिलंय.

पैज हराम नसती तर मी लाँगकाँग फळांची अख्खी टोपली तोकवर लावली असती.

तुझा लोभ मला हवाच. शिव्याही चालतील, त्या आपल्या आंबवलेल्या मासळीच्या बुडूसारख्या आहेत, त्यांच्यावाचून जेवण जात नाही.
तुझी, रुस्नीता

बूडो,
४ फेब्रुवारी

चि. रुस्नीता हीस,
सलाम व आशीर्वाद. बाटल्या परत पाठवल्या आहेत. दोघींच्या बसायच्या फांद्या वेगळ्या, म्हणून खाली केळीची पानं पसरली आणि वर तोंड करून वाट बघत बसले. मिळाली तर बाटलीत, नाहीतर माझ्या डोक्यावर. पाक सूने खरंच नाक मुरडलं आणि बाटल्या कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवायला लावल्या.

बातमी वाईट आहे. तोक हरली. बाटल्या भरल्यावर आणखी चार दिवस झुंजली, पाचव्या दिवशी समोरच्या वाळक्या फांदीवर जाऊन बसली ती उठलीच नाही. टवळी ढोलीत शिरलीय आणि दादल्याकडून घास घेण्यापुरती फट ठेवून आतून दार लिंपायला लागलीय. ढोली भरली, पहारा राहणार, झाड वाचलं, म्हणून पाक सू खूश. मला मात्र घास गिळवेना. आपलं दार दुसरी लिंपतेय हे तोक समोर बसून बघतेय गं.

आज जास्त लिहवत नाही. जेवत जा.
तुझी, मक सू

हातयाई,
१६ फेब्रुवारी

प्रिय मक सू हीस,
सलाम वि. वि. रागावू नकोस, पण टवळीच्या बाटलीत ते हार्मोन नराइतकं निघालंय! आम्ही दोनदा तपासलं. तोकचं मधलं, ठीकठाक. आमच्या बाई म्हणतात, बाटल्यांची अदलाबदल झाली असेल, नाहीतर टवळी मादीच नसेल. तिचे डोळे तू नीट पाहिलेस ना? लाल असले तर नर, पांढरे असले तर मादी.

आणि खरंच ती मादी असली, तर मला ढोलीची काळजी वाटते. ते एवढं चढलेलं असलं की अंड्यांवर बसायला मन लागत नाही, असं काही पक्ष्यांमध्ये दिसलंय. लगेच लिही, मला झोप नाही.

लोभ कमी करू नकोस, संशय बाईंचा आहे, माझा नाही.
तुझी, रुस्नीता

बूडो,
२७ फेब्रुवारी

चि. रुस्नीता हीस,
सलाम. आशीर्वाद आज जरा राखूनच. डोळे पांढरे आहेत. नारळाच्या दुधासारखे पांढरे. तुझ्या बाईंना माझ्यातर्फे वाचून दाखव.

पण ढोलीबद्दल तुझं खरं ठरलं. टवळी इकडे दार लिंपायची आणि कुठे पंख वाजले की तेच दार फोडून बाहेर! खारीच्या मागे लागली, माकडांच्या मागे लागली, दादला बिचारा उंबर घेऊन ताटकळतोय. मागच्या आठवड्यात दुसऱ्या जातीचा एक धनेश नुसता वरून गेला, तर त्याला हाकलत पार डोंगराच्या धारेपलीकडे गेली. मागून दादला गेला. संध्याकाळ झाली तरी दोघं परतली नाहीत, दुसरा दिवसही तसाच गेला. ढोली रिकामी! मोसम संपत आलेला. आता पहारा जाणार, या विचाराने मी लपणीत हमसून हमसून रडले.

रडतच होते, तेवढ्यात डोक्यावरून आगगाडी गेल्यासारखा पंखांचा आवाज झाला. तोक! इतके दिवस त्या वाळक्या फांदीवर तिचा म्हातारा तिला भरवत होता आणि मी समजत होते ती हार मानून बसलीय. तिने ढोलीत मान घालून पाहिलं, म्हाताऱ्याच्या चोचीतलं उंबर घेतलं आणि सरळ आत गेली. दार अर्धं लिंपलेलंच होतं. टवळीने घातलेल्या लिंपणाला लिंपण जोडून तिने उरलेलं बंद केलं. आजपासून नुसतं चोचीचं टोक बाहेर दिसतंय. पहारा इथेच राहतोय. पाक सू आता सगळ्यांना सांगत सुटलाय की त्याला हे पहिल्यापासून माहीत होतं.

आता ऐक, तिसरी बाटली पाठव. त्या फांदीवर बसली होती तेव्हा तोकच्या अंगातली भांडायची आग विझली होती, की ती आग पोटात ठेवून ती वाट बघत होती? वेळ गेली खरी, पण निदान आता काय आहे ते तरी मला कळू दे. ती विष्ठा दाराच्या फटीतून बाहेर उडवते. मी खाली केळीचं पान पसरूनच बसलेय.

लोभ होता तेवढाच आहे. बाटली आली की वाढेल.
तुझी, मक सू