मुदत टळल्यावर आलेली चिठ्ठी

॥ श्री ॥
ट्रॉय, मिशिगन
२२ मे २००५

चि. सौ. संध्या हिस शरयूवहिनीचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझे पत्र आणि आरोहीच्या नाचाचे फोटो पोचले. नात थेट तुझ्यावर गेली आहे. तुझा हट्टीपणा तेवढा घेतला नाही म्हणजे मिळवली!

ह्यांना जाऊन परवा सहा महिने झाले. इस्टेटीचं सगळं शंतनू बघतो. इथला नियम असा, की पेपरात नोटीस दिल्यापासून चार महिन्यांत ज्यांचं देणं असेल त्यांनी मागणी करायची. छपरावाल्याचं बिल आलं, हॉस्पिटलचं आलं, एप्रिलमध्ये मुदत संपली आणि शंतनूने हुश्श केलं. तर मागच्या मंगळवारी लान्सिंगहून आणखी एक मागणी आली. तीन हजार डॉलर. खाली सही मृणालिनी भागवतची.

गुरुनाथ आणि मृणालिनी तुला आमच्या जुन्या पत्रांतून ठाऊक असतील. हायलंड पार्कच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं राहायचो. बायकांत मिळून एकच जाड कोट, त्यामुळे लाँड्रीला मी गेले की मृणालिनी घरात अडकायची. महिन्यातून एकदा पूल ओलांडून कॅनडात विंडसरला जायचं, तुरीची डाळ आणायला. येताना कस्टमवाल्याला डाळ म्हणजे काय हे समजावताना हसून हसून पुरेवाट व्हायची. अठ्ठ्याहत्तरच्या गणपतीत दोघा मित्रांचं काय बिनसलं कोण जाणे. हे म्हणाले, मंडळाच्या नाटकावरून. त्यानंतर हे जाईपर्यंत सव्वीस वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

गुरुनाथांना आता काही आठवत नाही म्हणे. मृणालिनीला त्यांना घरीच ठेवायचं आहे, त्यासाठी दिवसाचा माणूस लागतो. कागद आवरताना तिला ह्यांनी पैसे उसने घेतल्याची चिठ्ठी सापडली, तिच्यावरून ही मागणी. अक्षर ह्यांचंच, मी पैजेवर सांगते. शंतनू म्हणतो, आई, इट्स टू लेट, आपण बांधील नाही, जज्ज रिजेक्ट करेल. तो चुकीचं बोलत नाही. पण मला अन्न गोड लागत नाही.

फोनवर हे बोलवत नाही, म्हणून लिहिलं. माया असू दे.

तुझी,
शरयूवहिनी

•

फ्रिस्को, टेक्सस
५ जून २००५

ती. शरयूवहिनींस संध्याचा साष्टांग नमस्कार.

वि. वि. माझ्या हट्टीपणाचा उगम तुमच्या घरातच शोधा. दादाकडून उचलला आहे मी तो.

दादाच्या निळ्या पत्रांत पानभर गुरुनाथच असायचे. गुरुनाथने गाडी बर्फातून कशी काढली, गुरुनाथने शिरा कसा करपवला. पुढे ते नाव अचानक बंद झालं. मी एकदा विचारलं होतं, तर दादाने पुढच्या पत्रात फक्त हवामान लिहिलं.

वहिनी, ती चिठ्ठी कधीची आहे? आणि पैसे घेतले तरी कशासाठी? दादा कुणाकडे हात पसरणारा नव्हता. कोर्टात काय होतं ते सविस्तर कळवा. ऋषी आणि सूनबाई नमस्कार सांगतात.

तुमच्या आशीर्वादाची भुकेली,
संध्या

•

॥ श्री ॥
ट्रॉय
१६ जुलै २००५

चि. सौ. संध्या हिस आशीर्वाद.

वि. वि. परवा पाँटिअॅकच्या कोर्टात सुनावणी झाली. शंतनू नको म्हणत होता, तरी मी गेले. मृणालिनी वकिलाशिवाय आली होती, हातात प्लॅस्टिकची फाइल. केस पांढरे झालेत, पण पदर तसाच चापूनचोपून. चिठ्ठी वाचली गेली. अकरा जून एकोणीसशे त्र्याहत्तर, तीन हजार डॉलर, सवडीने परत करीन, मोरेश्वर. जज्जबाई फार सौम्यपणे बोलल्या. म्हणाल्या, कागदावर मला शंका नाही, पण मुदत ती मुदत. मागणी फेटाळली. दहा मिनिटांत सगळं आटोपलं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी तिला गाठलं. माझ्या स्वतःच्या खात्याचा चेक लिहून नेला होता. तिने हात मागे घेतला. म्हणाली, शरयू, मी हक्काचं मागायला आले होते. हक्क नाही असं ठरलं. आता तू दिलेस तर ती भीक होईल. मग तिनेच सांगितलं, की अठ्ठ्याहत्तरच्या गणपतीत गुरुनाथांनी चारचौघांत ह्यांच्याकडे पैशांची आठवण काढली. नाटक वगैरे काही नव्हतं. चारचौघांत मागितले म्हणून हे रागावले, आणि तो राग मरेपर्यंत सांभाळला. पुढे आमच्याकडे पैसा आला, तरी दिले नाहीत. संध्या, चाळीस घरांच्या उपयोगी पडलेला हा माणूस. मला त्यांची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

पैसे कशाला घेतले होते, मला खरंच आठवत नाही. जुनी गोष्ट. तू त्याचा विचार करू नकोस.

सांभाळून राहा.

शरयूवहिनी

•

फ्रिस्को
२३ जुलै २००५

सौ. मृणालिनीवहिनींस संध्याचा सादर नमस्कार.

वि. वि. आपण भेटलो नाही. मोरेश्वर माझा थोरला भाऊ. कोर्टात काय झालं ते शरयूवहिनींनी कळवलं. पैसे कशासाठी घेतले ते आठवत नाही, असंही त्यांनी लिहिलं. इतकी वर्षं ओळखते मी त्यांना. त्यांना नक्की आठवतं.

त्र्याहत्तरच्या जुलैत माझ्या हृदयाचं ऑपरेशन झालं. मी वीस वर्षांची होते. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, झडप बदलली नाही तर वर्षभर. बाबांकडे पैसे नव्हते. दादाचा ड्राफ्ट आला, आणि मी वेल्लोरला गेले. दादाने लिहिलं होतं, ओव्हरटाइम केला. महिन्याभरात तीन हजारांचा ओव्हरटाइम कुणी करतं का, हे मी बत्तीस वर्षं विचारलं नाही.

तेव्हा हे देणं दादाचं नव्हतंच, माझं आहे. मी जिवंत आहे, माझ्यावरच्या मागणीची मुदत टळलेली नाही. सोबत चेक आहे. हा परत पाठवू नका, मी हट्टी आहे. आणि परवानगी असेल तर ऑगस्टमध्ये येऊन आठवडाभर गुरुनाथरावांजवळ बसेन. तुम्ही जरा झोप काढा.

तुमची ऋणी,
संध्या

•

लान्सिंग
२८ ऑगस्ट २००५

प्रिय शरयूस मृणालिनीचा सप्रेम नमस्कार.

वि. वि. संध्या काल विमानात बसली. चेक मी ठेवून घेतला. दिवसाचा माणूस सोमवारपासून येतो. तिच्या ऑपरेशनचं ह्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. घर घ्यायला साठवलेले पैसे मित्राला दिले म्हणून मी दोन महिने अबोला धरला होता, तेव्हाही नाही.

हे हल्ली मलाही ओळखत नाहीत. संध्या रोज खुर्ची ओढून बसायची, पेपर वाचून दाखवायची. गुरुवारी दुपारी ह्यांनी तिला विचारलं, बाई, तुम्ही कोण. ती म्हणाली, मोरूची बहीण. ह्यांनी मग अगदी काळजीने विचारलं, तिचं ऑपरेशन कसं झालं? काही पत्र आलं का?

संध्याने ह्यांचा हात धरला आणि सांगितलं, आलं पत्र. ऑपरेशन चांगलं झालं. पोरगी खडखडीत बरी आहे.

बरं झालं, म्हणाले, आणि डोळे मिटून पडून राहिले. संध्या मात्र स्वयंपाकघरात येऊन माझ्या गळ्यात पडून रडली.

शरयू, पुढच्या रविवारी जेवायला ये. शंतनूलाही आण, त्याच्यावर माझा राग नाही. आता आणखी वर्षं घालवू नकोस.

तुझी,
मृणालिनी