बांधावरचा चेंडू

४ फेब्रुवारी १९३७, गुरुवार. सकाळी ७ वाजून १० मिनिटे.
नवी वही. कचेरीत निजामाचं फसली साल १३४६ लिहितो, पण टेनिसचा कारभार इंग्रजी तारखेने चालतो. म्हणून ही वही इंग्रजी.

बातमी अशी. मार्कर लोकांच्या चॅम्पियनशिपची फायनल परभणीत होणार! मार्कर म्हणजे क्लबात पगारावर राहून साहेबलोकांना टेनिस शिकवणारा. थोडक्यात प्रोफेशनल. औरंगाबादचा यासीन आणि सिकंदराबादचा अँथनी असे दोघे उरलेत. कुणीच दुसऱ्याच्या कोर्टावर पाय ठेवायला तयार नाही. मग मधलं स्टेशन म्हणून आमचा क्लब. २६ तारीख, शुक्रवार, जुम्म्याची सुट्टी, दुपारी चार. तालुकदारसाहेब, म्हणजे जिल्ह्याचे कलेक्टर, हजर राहणार.

अंपायर अजून ठरलेला नाही.

संकल्प: मी.

माझी पात्रता नोंदवून ठेवतो. वय ४६. मोजणी खात्यात २३ वर्षे. टेनिसचा अभ्यास ११ वर्षे, स्वतःचा स्वतः, पेपर वाचून. सत्तावीस सालची विंबल्डनची फायनल: ४-६, ४-६, ६-३, ६-४, ७-५. हरणाऱ्याला जिंकायला सहा वेळा एकच पॉइंट पाहिजे होता. सहा वेळा! अजून आठवलं की अंगावर काटा येतो. गेल्या सालची: ६-१, ६-१, ६-०. असे आकडे परभणीत दुसऱ्या कुणाला पाठ नाहीत. अकरा वर्षांत कुणी विचारलेही नाहीत, हा भाग वेगळा.

प्रत्यक्ष मॅच पाहिलेली नाही. पाहिल्याने मन एका बाजूला झुकतं.

६ फेब्रुवारी, शनिवार.
क्लबाचे सेक्रेटरी माणिकराव वकील यांना भेटलो. त्यांनी विचारलं, "भुजंगराव, तुम्ही कधी रॅकेट हातात घेतली का?" मी म्हणालो, "मोजणीदाराला शेत मोजायला औत हाकावं लागत नाही." वकिलांनी कोपऱ्यातलं चुन्याचं पोतं दाखवलं. मग म्हणाले, "आधी कोर्ट नीट आखून द्या. मग बघू."

म्हणजे तत्त्वतः नेमणूक झाली.

घरी येऊन बायकोला, कमलला, सांगितलं. ती ज्वारी निवडायली होती. म्हणाली, "पगार वाढला का?" मी म्हणालो, "मान वाढला." म्हणाली, "मग जेवून घ्या."

९ फेब्रुवारी, मंगळवार.
क्लबाचं कोर्ट मोजलं. भयंकर! उत्तरेची बाजू चार इंच कमी. आजवर तिथे जे जे खेळले ते सगळे चार इंच चुकीचं खेळले. वकिलांना लेखी कळवलं. दोन नकला, एक आपल्याकडे.

लांबी ७८ फूट, म्हणजे आपल्या ३३ फुटी साखळीने दोन साखळ्या नि सहा आण्यांना जरा कमी (साखळीचे आणे सोळा). रुंदी २७ फूट. एकूण दोन गुंठ्यांना जरा कमी. हे गणित जगात प्रथम मीच केलं असावं.

नियमांचं पुस्तक पुन्हा वाचून काढलं. एकतीस पानी. कव्हर नाही. पान १७ सुद्धा नाही. रद्दीत घेतलं तेव्हापासून नाही. तेव्हाच मी पूर्वापर संदर्भ पाहून ते पान स्वतः लिहून टाचलं होतं. अक्षर सुवाच्य आहे. विषय: चेंडू नेमका रेघेवर पडला तर काय. उत्तर सोपं आहे. रेघ म्हणजे दोन गटांमधला बांध. बांध सामाईक. त्यावरचं झाड दोघांचं. म्हणून चेंडू ना आत ना बाहेर, पॉइंट पुन्हा खेळावा. तेवीस वर्षांत या तत्त्वावर माझं एकही अपील फिरलं नाही.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार. सुट्टी.
सराव. परसात पाव मापाचं कोर्ट आखलं. क्लबातून आणलेला चुना थोडा जास्त लागला (पोत्यात एका आखणीपुरता उरला). उखळावर उभा राहून स्कोअर ओरडलो. फिफ्टीन, थर्टी, फॉर्टी.

कमल मधेच म्हणाली, "पंधरा, तीस, मग पंचेचाळीस पायजे की."
मी म्हणालो, चाळीसच.
ती म्हणाली, "पाच कुठं गेले?"
मी म्हणालो, हा इंग्रजांचा खेळ आहे.
म्हणाली, "मग गेले असतील." आणि आत गेली.

आवाज खुला लागतो. गल्लीतली कुत्री दूर गेली, त्यावरून बरोबर लागतोय.

१७ फेब्रुवारी, बुधवार.
मोठा प्रश्न सुटला. अंपायरला उंच आसन लागतं, क्लबात तसलं काही नाही. मेव्हणा लिंबाजी बोरीहून आला. औंदा त्याची ज्वारी लवकर निघाली. पाखरं हाकायचा माळा मोकळाच होता, तो सोडवून गाडीत घालून घेऊन आला. चार मेढी, वर फळ्या. उंची सात फूट दोन इंच. उत्तम!

लिंबाजीने कोर्ट पाहिलं. म्हणाला, "दाजी, एवढ्याशा रानात काय पिकतंय?"
मी म्हणालो, कीर्ती पिकते.
म्हणाला, "कोरडवाहू हाय म्हना की." मग म्हणाला, "आनि गोफन आनू का? माळ्यावर बसनाऱ्याला लागती."
शेतकरी माणूस. दुर्लक्ष केलं.

संध्याकाळी माळ्यावर बसून पाहिलं. वरून सगळं स्पष्ट दिसतं. रेल्वे स्टेशनसुद्धा. जरा हलतो, पण ते वाऱ्याने.

२१ फेब्रुवारी, रविवार.
वकिलांची चिठ्ठी: "दुसरा कुणी मिळाला नाही. तुम्हीच बसा."
मिळाला नाही! म्हणजे शोधून शोधून माझ्या तोडीचा सापडला नाही. चिठ्ठी पेटीत ठेवली. बोरीला निरोप धाडला, सगळ्यांनी या. सासऱ्यांनाही. लग्नात ते म्हणाले होते, मुलगा हुशार दिसतो पण कशात ते कळत नाही. आता कळेल.

२५ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी.
रेघा आखून झाल्या. दोन इंची, चुन्याच्या. तीनदा तपासल्या. क्लबाचं अंगण सारवणाऱ्या धुरपताबाईला स्पष्ट ताकीद दिली: "उद्या सकाळी कोर्ट सारवून ठेव. कुठं काही कमी राहू देऊ नको. जशी रीत आहे तसं पूर्ण कर."
ती म्हणाली, "रीत मला सांगायची गरज न्हाई, साहेब. चाळीस वर्सं सारवायलेय."
अशी माणसं हाताशी असली की काळजी नसते.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ९ वाजून ५ मिनिटे.
काळजी.

धुरपताबाईने सगळं कोर्ट शेणाने सारवलं. माझ्या रेघांवरूनसुद्धा. वर सारवलेली भुई उघडी ठेवणं अशुभ म्हणून रांगोळी काढली. चारी कोपऱ्यांत कमळं. जाळीपाशी गोपद्मं. माळ्याखाली तुळशी वृंदावन. गावातल्या बाया बघायला जमल्यात. कौतुक चाललंय.

मी म्हणालो, बाई, हे काय केलंस?
ती म्हणाली, "तुमीच म्हनले ना, कमी राहू देऊ नको?"
मी म्हणालो, रेघा कुठे आहेत?
म्हणाली, "पुसायच्या आधी पाहून ठेवल्यात. मोडल्या म्हून काय झालं? हातात हायत की."

चुन्याचं पोतं पाहिलं. रिकामं (१२ तारीख पहा).

९ वाजून ५० मिनिटे.
धुरपताबाईने चिमटीने सगळ्या रेघा रांगोळीच्या काढल्या. दोरी नाही, साखळी नाही. वाकून, मागे सरत सरत. मी मागून साखळी लावली. चूक सापडलीच! दक्षिणेला पाव इंच.
पुन्हा मोजलं. साखळीची कडी वाकली होती. चूक साखळीची.
वकील म्हणाले, कमळं झाडा, रेघा राहू द्या. मी मंजुरी दिली.

दुपारी ३ वाजून ४० मिनिटे. माळ्यावर.
हे माळ्यावरून लिहितोय. खाली पाचशे माणूस. तालुकदारसाहेब खुर्चीत. लिंबाजी, सासरे, कमल पहिल्या ओळीत सतरंजीवर. सासरे कपाळावर हात धरून माझ्याकडे बघतायत. ऊन फार आहे. धुरपताबाई मागच्या रेघेपाशी रांगोळीचा डबा घेऊन बसली. यासीन ठेंगणा, अँथनी काठीसारखा उंच. दोघांनी मला सलाम केला. मलाच!

अकरा वर्षे.

२७ फेब्रुवारी, शनिवार.
आता नीट लिहितो. 

सुरुवात अप्रतिम. काय खेळ! पेपरात लिहितात त्यातलं काहीच खरं नसतं, ते फार कमी लिहितात. चेंडूचा आवाज पेपरात येत नाही. मी स्कोअर ओरडलो तसे लिंबाजीकडचे लोक पाखरं उठल्यासारखे वर बघायचे. पहिला सेट यासीन, ६-४. दुसरा अँथनी, ७-५. सासरे उभे राहून ओरडायले होते. कशासाठी ते त्यांनाच माहीत नव्हतं. तरी ओरडायले होते. मला आनंदाने खाली उडी मारावीशी वाटली, पण सात फूट दोन इंच.

एक अडचण. चेंडू रेघेवर फार पडतो. मी नियमाप्रमाणे जाहीर करायचो, "सामाईक! पॉइंट पुन्हा!" दोघं तोंडाकडे बघायचे आणि पुन्हा खेळायचे. चेंडूने रेघ मोडली की धुरपताबाई उठायची, चिमटीने सांधायची, बसायची. तोपर्यंत खेळ थांबायचा. तालुकदारसाहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मी त्यांना मानेने खूण केली, काळजी नसावी.

तिसरा सेट. यासीन पुढे, ५-४, फॉर्टी-थर्टी. म्हणजे एक पॉइंट आणि चॅम्पियन.  त्याने असा काही मारला की चेंडू दिसलाच नाही. मागची रेघ मोडलेली तेवढी दिसली. पांढरी भुकटी उडाली.

मी म्हणालो, "सामाईक!"

यासीनने रॅकेट खाली टाकली. माळ्याखाली येऊन हात जोडून म्हणाला, "साब, ये सातवां बार है. कौनसे मुल्क का कायदा है ये?"
मी शांतपणे म्हणालो, पान सतरा.
वकील उठून आले. म्हणाले, "बघू पान सतरा."
पुस्तक खाली दिलं.
त्यांनी पान पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा पान. म्हणाले, "भुजंगराव, हे तर तुमचं अक्षर."
मी म्हणालो, सुवाच्य आहे ना?

यापुढे हशा फार झाला. लिंबाजी सगळ्यात मोठ्याने, "गोफन आनतो म्हनलो होतो, दाजी!"

तेवढ्यात धुरपताबाई उठली. डबा कमरेला लावला. म्हणाली, "ह्यात भांडायचं काय हाय? रांगोळी अंगनाची असती का रस्त्याची? अंगनाची. मग रांगोळीवर पडलं ते अंगनात पडलं. ह्यानं रेघ मोडली, म्हंजी आत. मोडली नसती तर बाहीर. मी इथंच बसलेय की सकाळपून."

अँथनीने रेघेकडे पाहिलं, मोडलेली होती. जाळीवरून हात पुढे केला. म्हणाला, शी इज राइट.

टाळ्या. मी वरून जाहीर केलं: गेम, सेट, मॅच. यासीन, ६-४, ५-७, ६-४. कुणी वर पाहत नव्हतं. सगळे रांगोळी पाहत होते. तालुकदारसाहेबांनी पुढे जाऊन धुरपताबाईला विचारलं, बाई, तुमची नजर कुणी तयार केली? ती म्हणाली, "सासूनं. रेघ वाकडी आली की ती हातावर मारायची."

उतरताना एक फळी निसटली. सासऱ्यांनी धरलं. म्हणाले, "हळू, जावईबापू." दुसरं काही म्हणाले नाहीत. मी वाट पाहिली.

सत्तावीस सालच्या फायनलमध्ये हरणाऱ्यालाही सहा संधी मिळाल्या होत्या. मला एकच मिळाली. यातून न्याय समजावा.

१ मार्च, सोमवार.
वकिलांनी कुठून तरी खरं पान सतरा नकलून पाठवलं. एकच ओळ कामाची: रेघेला लागलेला चेंडू आत. खळीने चिकटवलं. माझं पान काढलं नाही, मागच्या बाजूला ठेवलं. उद्या इंग्रजांना बांधाचं महत्त्व कळलं तर लागेल.

कमलने विचारलं, "आता काय?" मी म्हणालो, राजीनामा. ती म्हणाली, "कशाचा?" यावर विचार चालू आहे.

८ मार्च, सोमवार. संध्याकाळी ५.
क्लबाचा ठराव आला. पुढच्या सालची फायनलही परभणीतच. दोन्ही मार्करांचा एकमुखी आग्रह. आत-बाहेरचा निकाल धुरपताबाई देतील. त्यांना माळा चढवत नाही, म्हणून जमिनीवर पाट. "पाटाचं माप भुजंगरावांनी ठरवावं."

तासाभराने धुरपताबाईच दारात. म्हणाली, "साहेब, आत-बाहीर मी सांगंन. पन ते आकडे मला येत न्हाईत. पंधरा, तीस, चाळीस. मधले पाच कुठं जातेत?"

मी तिला बसवलं. सगळं समजावून सांगितलं. सत्तावीस सालची फायनल पूर्ण सांगितली, पाचही सेट, एक एक करून. ती ऐकत राहिली. सहाव्या मॅच पॉइंटला तोंडावर पदर घेऊन म्हणाली, "आई गं! मग?"

मग ती गेली. मी पाट मोजला. लांबी १८ इंच, रुंदी १४, उंची २.

नंतर दुसरा मोजला, आकडे सांगणाऱ्याचा. उंची १.