वारसाच्या रकान्यातले नाव

उशीर झाला, याची आधी माफी मागतो. हा कागद माझी पत्नी चांगुणा जिवंत असतानाच लिहायला हवा होता. ती जाऊन सहा वर्षे झाली. त्यानंतर तीन वेळा वही आणली. एक वही नातवाने चित्रे काढून भरून टाकली, उरलेल्या दोन कुठे ठेवल्या ते आठवत नाही. यावरून माझी स्मृती गेली असे कोणी समजू नये. डॉक्टरांची चिठ्ठी मागे टाचली आहे. तीत रक्तदाब थोडा जास्त आणि बुद्धी ठीक असे लिहिले आहे. टाचणी गंजकी होती, ती बदलली.

मी मल्हारी फकिरा दोंदे, वय ७२, धर्म बौद्ध, शिक्षण सातवी (परीक्षा दिली, निकाल आणायला गेलो नाही), निवृत्त सफाई कामगार, राहणार समता कॉलनी, आडगाव नाक्याच्या मागे, नाशिक. मी हे पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकात किंवा भिडेत न येता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शुद्धलेखन शेजारच्या श्यामलाबाईंनी तपासले. त्या निवृत्त शिक्षिका आहेत. मजकूर माझाच आहे. काही ठिकाणी त्यांनी खाडाखोड सुचवली, ती मी मानलेली नाही.

१. मला दोन अपत्ये. मोठी मुलगी छाया, राहणार विंचूर. धाकटा मुलगा प्रफुल्ल, राहणार नाशिक. तिसरे कोणी नाही. कोणी आलेच तर खोटे समजावे.

२. माझ्याकडे आयुष्यात एकच मोठी वस्तू होती, ती म्हणजे माझी कायम नोकरी. ती मी २००९ सालीच देऊन टाकली, त्यामुळे आज या कागदात ती वाटायला उरलेली नाही. तरी तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढची कलमे कोणाला समजणार नाहीत. श्यामलाबाई म्हणाल्या, "मल्हारीभाऊ, मृत्युपत्रात मालमत्ता लिहायची असते, हकिगत नाही." मी म्हणालो, "बाई, आमच्यात हकिगतच जास्त आहे."

आमच्या खात्यात अशी रीत आहे की सफाई कामगार आजारपणाने किंवा वयाने बाहेर पडला, तर त्याच्या जागी घरातला एक वारस लागतो. अर्जात वारसाचा रकाना असतो. त्यात नाव एकच.

२००८ साली माझी कंबर गेली. गोदाघाटाची झाडलोट माझ्याकडे होती. रजा संपल्या, पगार तुटायची वेळ आली. तेव्हा छाया बारावी होऊन घरी होती. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही हजेरी शेडवर फक्त उभे राहा, झाडायचं मी बघते." अकरा महिने घाट तिने झाडला. सही माझी, खराटा तिच्या हातात. तेव्हाचा मुकादम बघून न बघितल्यासारखे करायचा. त्याचे भले होवो.

मग डॉक्टरांनी मला कामाला अपात्र ठरवले आणि अर्ज आला. कारकून म्हणाला, "मुलगी चालेल, मुलगा चालेल, घरी ठरवा." चांगुणा येवल्याकडची, तोंडाने फटकळ. म्हणाली, "ठरवायचं काय त्यात? जिनं झाडलं तिचं नाव लिहा की." मी रात्रभर काळजी केली. पोरगी उद्या लग्न होऊन जाईल, नोकरी दुसऱ्याच्या घरात जाईल. पोरगा बारावी नापास, दिवसभर नाक्यावर. त्याचे कसे होणार?

माझे लिहिणे सावकाश. अर्ज छायानेच भरायला घेतला, तिचे अक्षर सुंदर. वारसाच्या रकान्याशी ती थांबली. मी म्हणालो, "लिही. प्रफुल्ल मल्हारी दोंदे." तिने एकदा मान वर करून माझ्याकडे बघितले. मग लिहिले. शाई ओली होती, तिच्यावर फुंकर घातली आणि कागद माझ्या हातात दिला. पुढच्या वर्षी तिचे लग्न झाले. जावई विंचूरच्या बाजारात कांद्याच्या गोण्या भरतो, ती शेडमध्ये कांदा निवडते. दोघेही कष्टाळू आहेत, जावयाबद्दल माझी काडीची तक्रार नाही.

३. प्रफुल्लबद्दल कोणाचा गैरसमज नको. पोराने नोकरी राखली. दारू नाही, दांड्या नाहीत. आज मुकादम आहे, हप्त्यावर का होईना फ्लॅट आहे. चांगुणाच्या दवाखान्याचा सगळा खर्च त्याने केला, सून स्नेहाने उशाशी बसून रात्री काढल्या. या दोघांचे माझ्यावर उपकार आहेत.

परंतु मागच्या वर्षी सिंहस्थाच्या तयारीसाठी ठेकेदाराने बाया घेतल्या, त्यात छाया विंचूरहून येऊन लागली. तोच घाट, तसाच खराटा. भाऊ कायम, बहीण ठेक्यावर. त्याच्या एका महिन्याच्या पगारात तिची साडेतीन महिन्यांची मजुरी बसते. त्याची रविवारची सुट्टी भरपगारी, तिची आजारपणाचीही कापलेली. आणि तिची हजेरी मांडणारा प्रफुल्लच.

दिवाळीच्या आधी तिला ताप भरला. प्रफुल्ल तिला म्हणाला, "ताई, घरी जा, पड जरा. तुझी हजेरी मी लावतो." तिने वही ओढली आणि आपल्या नावापुढची खूण खोडली. मी तेव्हा त्याला डबा द्यायला गेलो होतो. मला मध्ये बोलायची बुद्धी झाली. म्हणालो, "घे ना गं. भाऊच देतोय."

ती म्हणाली, "बाबा, भाऊ नाही देत, मुकादम देतोय. अकरा महिने माझं काम तुमच्या नावावर लागलं. आता न केलेलं काम माझ्या नावावर नको."

त्याच दिवशी ती काम सोडून एसटीने विंचूरला परत गेली. दिवाळीला आली नाही. फोन केला की नात पल्लवी उचलते. "आजोबा, आई शेडवर गेलीय." रात्री नऊ वाजता कुठले शेड चालू असते?

४. राहते घर, दोन खोल्या व पुढचा ओटा, माझ्या निवृत्तीच्या पैशातून माझ्या नावावर घेतलेले, माझ्या पश्चात पूर्णपणे छायाचे. तिच्या नवऱ्याचे नव्हे, भावाचे नव्हे, तिचे. तिने राहावे, भाड्याने द्यावे, विकावे. हे दान नाही आणि हक्कसोडही नाही. हा तिच्या अकरा महिन्यांचा आणि त्यानंतरच्या सतरा वर्षांचा मोबदला आहे, आणि तोही पुरेसा नाही. हे मला कळते.

हे मी प्रफुल्लला समोर बसवून सांगितले. त्याने चहा संपवून कप खाली ठेवला. मग म्हणाला, "घर ताईलाच द्या बाबा. फक्त माझ्याकडून काढून घेतल्यासारखं लिहू नका." म्हणून लिहितो की त्याला त्याचा वाटा २००९ सालीच मिळाला असून त्याने तो सांभाळला आहे.

५. बँकेतली ठेव पल्लवीच्या शिक्षणासाठी. लग्नासाठी नाही. ती यंदा दहावीला आहे. पुढे तिला काय शिकायचे ते तिने ठरवावे, मी ठरवलेले बघितलेच आहे.

६. बाबासाहेबांची तसबीर आणि माझी पुस्तके प्रफुल्लकडे. चांगुणाचे शिलाई मशीन स्नेहाला. पायडल जड चालते, तेल घालावे.

७. दाराआड एक खराटा आहे, बांबूच्या दांड्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेला. त्याचा दांडा मी २००८ साली छायाच्या उंचीप्रमाणे कापला होता. मला तो तेव्हापासून वापरता आला नाही, पण फेकवलाही नाही. तो तिचा. तिने पुन्हा झाडावे असा याचा अर्थ नाही. घाट कोणी झाडला होता याचा एवढाच पुरावा माझ्याकडे आहे.

८. मागच्या घरच्या रंगनाथने सामाईक भिंतीत खिळे ठोकले, ते मी माफ केले. खिळे मात्र काढावेत.

९. मी गेल्यावर त्रिसरण-पंचशील म्हणावे. हार एकच घालावा. घाटावर फुले टाकू नयेत, ती सकाळी कोणाला तरी उचलावी लागतात. निघताना गॅसचा नॉब बघावा. श्यामलाबाई म्हणतात हे मृत्युपत्रात नको. असू द्या.

१०. हे सर्व अमलात आणण्याचे काम प्रफुल्लकडे राहील. या वेळी तो देणारा नाही, पोहोचवणारा आहे.

साक्षीदार :
१) सहादू केदारे, माझ्याबरोबरचे निवृत्त कामगार. (साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे कळले, म्हणून एकोणीस वर्षे माझ्याकडे असलेला त्यांचा थर्मास आजच परत केला. झाकण सापडले नाही.)
२) श्यामला गोविंद देसाई, निवृत्त शिक्षिका.

दोघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या. सहादूची सही थोडी ओळीबाहेर गेली आहे, ती ग्राह्य धरावी.

सही : मल्हारी फकिरा दोंदे
ठिकाण : नाशिक
तारीख : ११ फेब्रुवारी २०२६

छाया, याची झेरॉक्स तुला पोस्टाने पाठवत आहे. सोमवारी, २३ तारखेला, हे नोंदवायला जायचे आहे. वकील म्हणाले, वारसाची संमती लागत नाही. मी म्हणालो, मला लागते. तू म्हणाली होतीस, बाबांचं काही नको. तसेच असेल तर तसे कळव, पण गप्प राहू नकोस. फोनवर बोलायचे नसेल तर पल्लवीकडून निरोप दे. चौथ्या कलमात तुझे नाव मी माझ्या हाताने लिहिले आहे. अक्षर वाकडे आले आहे. तेवढे वाचता येते का, लवकर कळव.