रांजणाच्या चौकातली सूचना

करंजेपेठ, ता. शिरूर
दि. ११ डिसेंबर २००५

प्रिय अनिस,

सलाम. पाकिटावरचं अक्षर बघूनच ओळखलं असशील. अकरा वर्षांनी या शमुवेलला काय सुचलं म्हणून पत्र फाडावंसं वाटलं, तर फाड, पण वाचून फाड.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. आमची इवा पुण्याला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या आईचे, कृपाबाईंचे, गुडघे गेले. जीभ शाबूत आहे. माझा धंदा मात्र बसला. शिरूरला फ्लेक्सचं मशीन आलंय. तासाभरात वीस फुटी पुढारी छापून मिळतो, मग ब्रश घेऊन शिडीवर चढणाऱ्या पेंटरला कोण विचारतो? चौकातला काळा फळा तेवढा अजून मीच लिहितो. मयत, दहावा, ग्रामसभा, हरवलेली शेळी. सर्जेराव दुकानदार दिवाळीत वारले, त्यांचीही बातमी मीच लिहिली.

कामाचं लिहितो. आपल्या चौकाचं सुशोभीकरण चाललंय. लिंब तोडला. रांजण होते तिथं कारंजं बसवलंय, त्यात लाल-निळे दिवे आहेत आणि बाजूला पाटी आहे, ‘हे पाणी पिण्यासाठी नाही’. शेजारी मोठ्या पत्र्यावर चौकाचा इतिहास रंगवायचाय. २६ जानेवारीला उद्घाटन. मजकूर ज्ञानदेव गुरुजींचा, रंगवायचं काम माझं. गुरुजींनी लिहिलंय, ‘सन १९६२ मध्ये ग्रामपंचायतीने या चौकाची स्थापना केली.’ चौक काय स्थापन करायची वस्तू आहे?

शिरूरची वाट आणि निमोण्याची वाट जिथं मिळायच्या, तिथं एक लिंब होता, बाकी माळ. तुझ्या आजोबांनी रखमाजी पाटलांना विचारून लिंबाखाली दोन रांजण मांडले. शिमगा सरला की भरायचे, मृग लागला की पालथे घालायचे. पाणी आहे म्हणून बैलगाड्या सुटायला लागल्या. गाड्या सुटतात म्हणून भजीवाला आला, मग न्हावी, मग शिंपी, शेवटी एसटी. चौक झाला तो असा. म्हातारी माणसं अजून रांजणाचा चौकच म्हणतात.

आणखी एक आहे, ते गुरुजींना ठाऊक असून त्यांनी लिहिलेलं नाही. माझे आजोबा मिशनमध्ये जाऊन ख्रिस्ती झाले, तरी गावाला त्यांची जुनी जात पाठ होती. हॉटेलात त्यांची कपबशी वेगळी, बाहेर वळचणीला खोचलेली. रांजणावर तसलं काही नव्हतं. जो पितळी पेला पाटलांना, तोच आजोबांना. आजोबा हे सांगताना रडायचे. बोर्डावर हे आलंच पाहिजे, मी सुशोभीकरण समितीला सांगणार आहे.

म्हणून तुला विनंती, तुझ्या अब्बांचा, बाबुलालचाचांचा, एखादा फोटो असेल तर पाठव. तो बघून बोर्डाच्या कोपऱ्यात त्यांचं चित्र काढतो. पाणपोईसाठी तीस वर्षं खपलेला माणूस, एवढं तरी व्हावं.

चौऱ्याण्णवच्या त्या सूचनेचं मी पुन्हा काढत नाही. तुला तेव्हाच सांगितलं होतं. लोक चिठ्ठी तारेला खोचून जातात आणि मी ती फळ्यावर उतरवतो. आली चिठ्ठी, लिहिली. झालं गेलं.

उत्तराची वाट बघतो.

तुझा,
शमुवेल पेंटर


करंजेपेठ
दि. १७ जानेवारी २००६

प्रिय अनिस,

तुझं पत्र आणि फोटो पोचला. फोटो याच पाकिटातून परत पाठवतोय. का, ते पुढं येईल.

कुरकुंभच्या कारखान्यातल्या पाळ्या करून एवढं चार पानी पत्र लिहिलंस. गाव सोडून दौंडला गेल्यावरही चाचा उन्हाळ्यात स्टेशनावर जायचे, इंजिन बदलायला गाडी थांबली की खिडकीखिडकीतून लोकांच्या बाटल्या घेऊन भरून द्यायचे, हे मला ठाऊक नव्हतं. आणि एकदा एका बाईने सहज विचारलं, ‘पाणी चांगलं आहे ना?’, तर बाटली तिथंच ठेवून घरी आले आणि पुन्हा गेले नाहीत. तो पावसाळा त्यांनी काढला नाही. हे तू दोन ओळींत लिहिलंस.

पुढं तू लिहितोस, सर्जेराव वारल्याचं कळल्यावर तुझ्या अम्मींनी, लालबीचाचींनी, त्यांच्यासाठी दुआ मागितली. ‘मेल्या मान्साशी कसलं वैर? म्या माफ केलं त्याला,’ म्हणाल्या. हे वाचल्यापासून मी फळ्याला हात लावलेला नाही. लोक विचारतात, पेंटर आजारी आहेत का.

अनिस, चिठ्ठी आलीच नव्हती.

सर्जेरावांनी दिली नाही, कुणीच दिली नाही. ती सूचना माझी. ‘चौकातील पाणपोईचे पाणी पिऊ नये. कावीळ पसरत आहे.’ रंगीत खडूने चौकट काढून, वळणदार अक्षरात.

आता सगळं सांगतो. मे महिना होता. इवा नऊ वर्षांची, डोळे पिवळे, अन्नाचा कण पोटात ठरत नव्हता. दवाखान्याच्या रांगेत तिला मांडीवर घेऊन बसलो होतो. ताईबाई माळीण शेजारी नातवाला घेऊन बसली होती. ती म्हणाली, “त्यांच्या हातचं पानी प्यायचं म्हंजी असंच व्हनार.” त्यांच्या म्हणजे कुणाच्या, हे मला विचारावं लागलं नाही. वर्षभरापूर्वी मुंबई पेटली होती, तेव्हापासून तो शब्द सगळ्यांना कळत होता. मी तिला म्हणायला हवं होतं, बाई, माझ्या आजोबांना या गावात माणसासारखं पाणी त्याच हातांनी दिलं. नाही म्हणालो. मला ते खरं वाटलं. पोरीच्या काळजीने कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायचं होतं, आणि ते डोकं मला लगेच सापडलं. इवाला आईच्या हवाली केलं आणि तडक चौकात गेलो.

चाचा समोरच होते, रांजणाला ओलं फडकं गुंडाळत होते. त्यांना वाचता येत नव्हतं. मला भर दुपारी फळा लिहिताना बघून त्यांनी हाक मारली, “शमू, कोन गेलं रं?”

मी म्हणालो, “कुनी न्हाई, चाचा.”

संध्याकाळपर्यंत ते भरलेल्या रांजणाशी बसून होते. एक माणूस पाण्याला आला नाही. त्यांना वाटलं, बाजाराचा दिवस नाही म्हणून असेल. दुसऱ्या दिवशी कुणीतरी रांजण फोडले. तू माझ्याकडे आलास, “चिठ्ठी कुनाची व्हती, तेवढं सांग,” म्हणालास, आणि मी सर्जेरावांचं नाव घेतलं. त्यांना त्या कोपऱ्यावर सोड्याची गाडी लावायची होती, माणूस खडूस होता, कुणीही विश्वास ठेवला असता. तू भर चौकात त्यांची गचांडी धरलीस. शिरूरच्या कोर्टात तीन वर्षं तारखा केल्यास. घरदार उचलून दौंडला मामांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये जाऊन राहिलात. आणि मी इथं ब्रश धुवत बसलो.

अजून संपलं नाही. चौऱ्याण्णवच्याच पावसाळ्यात नळाची लाईन उकरली तेव्हा पाईप फुटून गटारात पडलेला निघाला. निम्मे आजारी वरच्या आळीचे होते. त्यांच्या घरात नळ, ते कधी पाणपोईवर आलेच नव्हते. मी तिथं उभा राहून तो पाईप बघितला. फळ्यावर चार शब्द लिहिले असते तर चाचा परत आले असते, तेव्हा ते जिवंत होते. पण मग लोकांनी विचारलं असतं, ती चिठ्ठी कुणाची. त्या दिवशी मी कुणाच्या तरी बारशाचं आमंत्रण लिहिलं.

सर्जेराव मात्र एकदा बोलले. जायच्या वर्षभर आधी, काठी टेकत फळ्यापाशी आले. “शमुवेल, ती चिठ्ठी म्या दिली न्हाई. तुला तर ठावं हाय. माझ्या डोळ्यादेखत एकदा सांग की लोकान्ला.” मी खडू झटकत राहिलो. ते काठी टेकत आले तसे परत गेले.

आता बोर्डाचं. शुक्रवारी समितीची बैठक झाली. गुरुजींनी नवीन ओळ घातली होती, ‘१९९४ साली दूषित पाण्यामुळे पाणपोई बंद करण्यात आली.’ मी म्हणालो, ही ओळ काढा, खोटी आहे. गुरुजी म्हणाले, “अरे, तूच तर फळ्यावर लिवलं व्हतंस. म्या तिथनंच घेतलंय.” तेव्हा मी उठून सगळं सांगितलं, आता तुला सांगितलं तसं. खोलीत सातजण होते. मग अध्यक्ष भैरू म्हणाला, “काका, आता कशाला उकरून काढता? उगी वाद व्हईल. त्यापरीस पानपोईचं समदंच काढून टाकू, म्हंजी कुनाचं मन दुखायचं न्हाई.” सगळ्यांनी माना हलवल्या. चहा आला.

म्हणजे आता बोर्डावर तुझे आजोबा नाहीत, चाचा नाहीत, रांजण नाहीत, माझ्या आजोबांचा पेलाही नाही. चौक बासष्ट साली स्थापन झाला. मी रंगवणार नाही म्हणून सांगितलं. त्यांनी शिरूरहून फ्लेक्स मागवला, काल आलासुद्धा. मी खरं बोललो आणि त्याने चाचांचं उरलंसुरलं नावही गेलं. म्हणून फोटो परत.

सर्जेरावांच्या घरी जाऊन आलो. त्यांच्या मंडळींनी उंबऱ्यातच ऐकून घेतलं आणि दार लावलं.

तुझ्या मनात येईल, अम्मी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, त्यांची समजूत पटलेली आहे, आता कशाला सांगायचं. अकरा वर्षं मीही स्वतःला असंच समजावत होतो. तसं करू नकोस. त्यांनी ज्याला माफ केलं त्याने काही केलंच नव्हतं, हे त्यांना कळायला पाहिजे. मी माफी मागत नाही. मागितली तर त्या देतील, मला ठाऊक आहे. दौंडला येऊन स्वतः सांगायचं मनात होतं, एसटी स्टँडपर्यंत गेलोही होतो. पण दारात उभा राहिलो तर चाची काही ऐकायच्या आधी तांब्याभर पाणी पुढं करतील. ते मी कुठल्या तोंडाने पिऊ? म्हणून माघारी आलो. भित्रा तो भित्राच.

पत्राच्या शेवटी वडीलधाऱ्यांना सलाम लिहितात. चाचींना माझा सलाम सांगू नकोस. माझं नाव सांग.

शमुवेल