तुझ्या नावाचा माझा रिपोर्ट

प्रिय दादा,

तुझं वर्षश्राद्ध होऊन पंधरा दिवस झाले. आज पत्र लिहायला बसलोय, कारण एक गोष्ट कुणाला तरी सांगितल्याशिवाय आता राहवत नाही, आणि ती आधीपासून माहीत असलेला माणूस तू एकटाच आहेस.

आठवतं ना? शाळेनं तुम्हा सगळ्या बसचालकांना हृदयाच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचलंय का ते बघणारं स्कॅन करून यायला सांगितलं होतं. बीडला जायचं, रिपोर्ट आणायचा, एवढंच. तू मला गोठ्यामागं गाठलंस. "तू जा बे माझ्या नावानं. काही निघालं तर हातातलं स्टेरिंग जाईल." मी म्हणालो, आधारवर फोटो आहे. तू हसलास. "त्या फोटूत मी तरी मला कुठं वळखू येतो?"

आपल्यात दोन वर्षांचं अंतर, तोंडावळा एक. मी गेलो. फॉर्मवर तुझं वय लिहिलं, तुझी बिडी लिहिली, तुझी सही ठोकली. "दत्तात्रय" अशी हाक आली, तर दुसऱ्या हाकेपर्यंत मी बाकावर बसूनच होतो.

छातीला वायरी चिकटवून तिथल्या बाई म्हणाल्या, "घाबरू नका, एक्स-रेच आहे, किरणं अगदी थोडी लागतात. आता श्वास घ्या आणि रोखून धरा." त्या मशीनच्या कड्यात पडल्या पडल्या वाटलं, उठावं आणि खरं सांगून टाकावं. पण श्वास रोखलेला माणूस बोलणार कसा? दहा सेकंदांत आटोपलं. मग बाहेर आल्यावर का बोललो नाही, ते मला आजही कळत नाही.

कॅल्शियम शून्य निघालं. "शून्य म्हणजे काही अमरपट्टा नाही, बिडी सोडा," बाई म्हणाल्या. मी जन्मात बिडी ओढली नाही, दादा. मान खाली घालून "हो" म्हणालो.

तू पेढे वाटलेस! खरं सांग, ते शून्य आपलंच आहे असं तुला वाटायला लागलं होतं का? चढावर दम लागला की थांबायचास आणि म्हणायचास, "रिपोर्ट किलिअर हाय." तेव्हा तुला कानाला धरून दवाखान्यात न्यायला हवं होतं. मी तुझ्याबरोबर हसलो.

सात महिन्यांनी बस धुता धुता तू कोसळलास.

वहिनीनं तो कागद लॅमिनेट करून तुझ्या फोटोमागं ठेवलाय. येईल त्याला दाखवते. "ह्यांचं शून्य आलं व्हतं. मशिनी समद्या खोट्या हायती, भाऊजी." मी मान हलवतो. वर्षभर मान हलवतोय. बोलावं तर तुझ्या मरणात माझा हात निघतो, गप्प बसावं तर घास उतरत नाही. इकडे आड, तिकडे विहीर. आणि या दोन्हींच्या मधे मला तूच उभं करून गेलास.

तरी आणखी वर्षभर तसाच राहिलो असतो. पण आता गोष्ट आक्कावर आलीय. तिला शुगर आहे. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं, सख्खा भाऊ असा गेलाय, तुम्हीही हेच स्कॅन करून घ्या. तिनं चिठ्ठी चुलीत घातली. "दादाचं शून्य निघालं, काय उपेग झाला? मी कशापायी जाऊ?"

मी समोरच बसलो होतो, चहाचा कप हातात घेऊन. आपल्या लबाडीनं तिचाही रस्ता अडवलाय, दादा.

उद्या आक्का वहिनीकडं यायचीय. दोघी समोर असताना तो कागद फोटोमागून काढीन आणि सांगीन, हे काळीज माझं आहे, दादाचं कुणी बघितलंच नाही. वहिनी मला दार बंद करील. करू दे. तुला राग आला तर येऊ दे. पण आक्काला मी बीडला नेणार, तिच्या स्वतःच्या नावानं. हा शब्द देतो.

फॉर्मवर तुझी सही ठोकली होती. इथं खाली माझी स्वतःची करतोय.

तुझा धाकटा,
बाळासाहेब