डबीला कुठली चाकं

प्रिय ताई,

फोनवर हे बोलता आलं नसतं. आई फोन स्पीकरवर टाकून तुझ्या उशाशी बसते आणि डबीचं नाव निघालं की तिला खोकला येतो. म्हणून पत्र. माझं अक्षर तुझ्याशिवाय कोणाला लागत नाही, तेवढा आडोसा पुरे. विषय साधा आहे. आपल्या गाडीला, डबीला, नवीन चाकं घ्यायची आहेत, रिम आणि टायर दोन्ही, आणि माप ठरत नाहीये. शर्यतींचा हंगाम तोंडावर आलाय. टायरवाले काका शनिवारपर्यंत दोन सेट बाजूला ठेवतायत, एक छोटा, एक मोठा. त्यानंतर जो पहिला येईल त्याला देणार. एकदा टायर चढवले की परत घेत नाहीत, म्हणजे चुकलं तर अख्खा हंगाम चुकीवर काढायचा. आजवर असलं काही मी एकट्याने ठरवलेलं नाही. तू ठरवायचीस आणि मी भांडायचो, ती पद्धत बरी होती.

मी सध्या रंगाच्या गोदामात आहे. बोटी घासायचं काम सुटलं, म्हणजे मीच सोडलं. ते सगळं पुन्हा कधीतरी सांगेन, त्यात एक बोकड आहे. खोली गोदामामागच्या गल्लीत. खाली शटर असलेली जागा, तिथे डबी, वरच्या मजल्यावर घरमालकीणबाई. पहिल्या दिवशी त्यांनी डबीत डोकावून पाहिलं. मागची सीट नाही, गालिचा नाही, दारांना आतून नुसता पत्रा. म्हणाल्या, 'अहो, पोलिसांत कळवलंत का?' मी म्हटलं, चोरी नाही झाली, हलकी व्हावी म्हणून आम्हीच काढलं सगळं. मग शर्यत समजावून सांगावी लागली. मोकळं मैदान, त्यावर नारंगी शंकू मांडून आखलेला वळणांचा रस्ता, एका वेळी एकच गाडी, मिनिटभराची फेरी, घड्याळावर वेळ बघायची आणि शंकू पाडला की दंड. बाई विचारात पडल्या. 'म्हणजे कोणाच्या पुढे जायचं नाही?' नाही. 'मग शर्यत कसली? जायचं आणि यायचं, भाजी आणल्यासारखं.' आता त्या मला अरेतुरे करतात आणि रोज विचारतात, आज आणली का भाजी.

तर चाकं. गेल्या वर्षीचा पंधरा इंची, रुंद टायरांचा सेट संपला. टायर टक्कल पडल्यासारखे झालेत आणि एक रिम वाकलीय. तो बसवायला आपण किती घाम गाळला होता आठवतंय? मडगार्डची आतली कड टायरला घासत होती, म्हणून मध्ये लाकडी दांडका घालून तू गाडी मागे-पुढे ढकलत होतीस आणि मी कड वर दुमडत होतो. शेवटी रंगाचा एवढा मोठा पापुद्रा उडाला आणि तू म्हणालीस, बरं झालं, तेवढीच हलकी झाली. मला वाटलं, पुन्हा तोच सेट घ्यायचा, त्यात ठरवण्यासारखं काय आहे. फक्त खात्री म्हणून सरावाच्या दिवशी आपल्याच शर्यतीत उतरणाऱ्या बेकरीवालीकडून तिचा जादा सेट मागून घेतला. तेच माप, तेच रबर, जवळपास नवा.

पहिल्या फेरीत डबी साबणावर उभी असल्यासारखी घसरली. स्टिअरिंग वळवलं तरी ती आपली सरळच निघाली. पोटच्या पोरासारखी, ऐकूनच घेईना. मी हवा कमी केली. तरी तेच. टायरच्या कडेला खडूने रेघा मारल्या, वळणात टायर कुठवर कलंडतो ते कळावं म्हणून. फेरी मारून आलो तर खडू जसाच्या तसा, शाळेच्या फळ्यावर सुट्टीत राहतो तसा. मग शॉक अॅब्सॉर्बर मऊ केले. मग अलाइनमेंटवाल्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. त्याने बिचाऱ्याने काहीच केलं नव्हतं. दुपार झाली आणि मी गाडीखाली आडवा पडून नटबोल्ट बघत होतो. तेवढ्यात बेकरीवाली आली, वाकली आणि टायरवर तळहात ठेवला. तिला तू ओळखतेस, हात लावल्याशिवाय तिला काही कळत नाही. म्हणाली, 'हा तर गार आहे रे. भट्टी तापायच्या आत पाव सरकवला तर काय बाहेर येतं? गोळा.' मी म्हटलं, आत्ताच तर फेरी मारून आलोय. तिने विचारलं, पहिली फेरी कोण मारतं? मी. दुसरी? मीच. आणि मधल्या वेळात? मधल्या वेळात रांगेत उभा असतो. 'मग गार पडणारच की. एवढुशी हलकी गाडी, एवढे रुंद टायर, ते एका माणसाच्या फेरीत तापतात होय? गेल्या वर्षी नव्हतं हे.' एवढं बोलून तिने माझ्याकडे पाहिलं आणि जीभ चावली. मग उगाच पाण्याची बाटली माझ्या हातात देऊन निघून गेली.

गेल्या वर्षी आपण दोघं एकाच गाडीत होतो. आधी तुझी फेरी, तू उतरलीस की लगेच माझी. तू हेल्मेट काढता काढता एका वाक्यात सांगायचीस, तिसऱ्या वळणावर खडी आहे, शेवटी ब्रेक उशिरा लाव, आणि मी बसलो की दार लावून छपरावर थाप मारायचीस. टायर तोवर कोमट झालेले असायचे, माझी फेरी संपेतो चांगले तापायचे आणि पुढच्या खेपेला तुला आयते मिळायचे. उन्हाच्या दिवसांत तर जास्तच तापायचे म्हणून तू फवारा घेऊन त्यांच्यावर पाणी मारत बसायचीस, झाडांना घालतात तसं. मला वाटायचं गाडी मस्त जमलीय. जमली होती खरी, पण दोघांवर मिळून जमली होती. हे मला आत्ता कळलं, तेही बेकरीवालीच्या हाताने.

टायरवाल्या काकांना हे सांगितलं तर ते हसले. 'एकटाच आहेस ना? मग तेरा इंची घे. अरुंद, मऊ रबर, अर्ध्या फेरीत तापतील.' मी म्हटलं, पण काका, रुंद टायर जास्त चिकटतात. 'चिकटतात, पण वरून दाबायला कोणीतरी लागतं. तुझ्या गाडीत आहे काय? वर कोण बसणार, आजोबा?' मग त्यांनी तेरा इंची चाक माझ्या हातात दिलं. ताई, ते चाक नव्हे, ताट आहे. मी एक छोटं आणि एक मोठं अशी दोन्ही खोलीवर आणली, वजन करायला. घरमालकीणबाईंचा वजनकाटा आहे, पण चाक नुसतं ठेवलं तर आकडा झाकला जातो, म्हणून चाक छातीशी धरून मी वर उभा राहिलो, मग नुसता मी, आणि वजाबाकी. बाई दारात उभ्या. 'एवढं कवटाळलंयस, लावून देऊ का लग्न?' मी म्हटलं अजून ठरत नाहीये, दोन स्थळं आहेत. त्या म्हणाल्या, हलकी असेल ती घे, जड वस्तू आयुष्यभर उचलाव्या लागतात. म्हणजे बाईंचं मतही तेरा इंचाला.

पुढचं गणित मी स्वतः केलं, हसू नकोस. परीघ शिकवला त्या दिवशी मी वर्गाच्या खिडकीबाहेर होतो, म्हणजे खरंच बाहेर, कंपाउंडवर चढलेला. आता सुतळीचा तुकडा टायरभोवती गुंडाळून मोजला. छोटं चाक एका फिरण्यात कमी जमीन कापतं. त्यामुळे वळणातून निघताना डबी उडी मारल्यासारखी सुटेल, पण लांब सरळ पट्ट्यावर दुसरा गिअर लवकर संपेल, तिथे तिसरा टाकावा लागेल आणि वळणाआधी परत दुसरा. मोठ्या चाकावर सुरुवातीला पहिल्यातून दुसरा टाकला की अख्खी फेरी दुसऱ्यातच निघते. गेल्या वर्षी तशीच निघायची. तेव्हा आपल्याला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. सुतळी हातात घेऊन मी बराच वेळ पायरीवर बसलो होतो. समोरच्या घराच्या गच्चीवर कोणीतरी चादरी वाळत घालत होतं आणि एक चादर सारखी तारेवरून सुटत होती. मी तेच बघत बसलो आणि डोक्यात फक्त तुझा डावा पाय.

तुझ्या पायाबद्दल कोणी माझ्याशी सरळ बोलत नाही. सुरुवातीला मुंग्या आल्या, मग पाय उचलेनात, मग हॉस्पिटल, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतरचं सगळं आईच्या तोंडून, तेही गाळून. उजवा बरा झालाय, डावा मागे आहे. काठी घेऊन गॅलरीपर्यंत जातेस. व्यायामाच्या बाई तुझ्या तळपायाला हात लावतात आणि तू त्यांचा हात ढकलतेस. परवा म्हणे तू इतक्या जोरात ढकललास की बाई स्टुलावरून सरकल्या आणि तू हसलीस. आईने हे सांगताना आवाज बारीक केला, जणू हसणंही औषधाच्या वेळा पाळून करायचं असतं. आणि शेवटी ठरलेलं वाक्य, 'तिच्यापुढे गाडीचा विषय नको हं, उगाच मनाला लागेल.' मी हो म्हणतो. आईचं चुकतं असं नाही. पण घरात सगळेच तुझ्याभोवती चवड्यांवर चालतायत आणि तुला चवड्यांवर चालणाऱ्यांचा किती राग येतो ते मला माहीत आहे.

अजून एक सांगायचं राहिलं. डबीची सीट तुझ्या मापाने बोल्ट केलेली आहे, पुढे-मागे होत नाही, आणि मी अजून ती हलवलेली नाही. गुडघे स्टिअरिंगला लागतात. सरावात लोक हसतात, म्हणतात लग्नातल्या फोटोला बसल्यासारखा बसलायस. चार बोल्टचं काम आहे. रोज पाना हातात घेतो आणि काहीतरी दुसरं सुचतं. काल सीटऐवजी क्लचचीच केबल बदलली. जुनी आतून गंजलेली होती, म्हणून पेडल इतकं जड झालं होतं, आपण दोघं उगाच दात-ओठ खात दाबायचो. नवी घातल्यावर मी घरमालकीणबाईंचा काटा पुन्हा खाली आणला, पेडल आणि पाय यांच्यामध्ये धरला आणि दाबून पाहिलं. जुनी काढण्याआधीही असंच मोजलं होतं, त्याच्या निम्म्याच्या आत आलंय. बाई म्हणाल्या, 'आता पेडलशीही जमवतोयस का?' मी काटा पुसून त्यांच्या हातात दिला.

तर ताई, पत्र एवढ्याचसाठी. मोठ्या चाकांवर क्लच फक्त सुरुवातीला लागतो, निघताना आणि दुसरा टाकताना, मग फेरीभर डाव्या पायाला काम नाही. पण ती चाकं एकट्याने तापत नाहीत. ती घ्यायची तर आधी तू चालवायला हवंस. छोटी घेतली तर मी एकटा पुरेसा आहे, आणि तुला मात्र त्या गाडीत सारखा क्लच मारावा लागेल, म्हणजे तू बसणार नाहीस. तिसरं माप काकांकडे नाही. मी डॉक्टर नाही, तेव्हा आधी व्यायामाच्या बाईंना विचार, त्या सांगतील तेच खरं. पहिल्याच स्पर्धेला ये असंही म्हणत नाही. हंगामाच्या मध्याला ये, शेवटाला ये, मी तोवर गार टायरांवर घसरत राहीन, मला ती सवय आहे, भोवरा हे नाव काही मला उगाच नाही पडलं. नाही म्हणालीस तर रागावणार नाही. शनिवारी छोटी चाकं घेईन, सीट मागे सरकवीन आणि तुला प्रत्येक फेरीची वेळ कळवीन, ऐकायची असली तर. फक्त एक कर. हल्ली फोनवर काहीही विचारलं की तू 'बघू' म्हणतेस. जेवलीस का, बघू. बरं वाटतंय का, बघू. मला हो कळव किंवा नाही कळव, पण शनिवारच्या आत कळव आणि तू स्वतः ठरवून कळव. 'बघू'च्या मापाचा टायर मिळत नाही गं, मी सगळ्या दुकानांत विचारून आलोय.

तुझ्याच सीटवर गुडघे दुमडून बसलेला, तुझाच
भोवरा