आडून विचारलं तर

१२ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय ताई,
नमस्कार. आम्ही सगळे मजेत. सलून बरं चाललंय, गुडघा तेवढा कुरकुरतो.

नवी बातमी म्हणजे या वयात मी शिकायला बसले! दवाखान्यानं ऑनलाइन प्रशिक्षण ठेवलं होतं. जीव द्यायच्या विचारात असलेलं माणूस कसं ओळखायचं, त्याच्याशी बोलायचं कसं. सलूनवाले, दुकानदार, रखवालदार, अशांनाच बोलावलं. लोक आमच्यापाशी मन मोकळं करतात म्हणून. लेकीनं लॅपटॉप लावून दिला.

सरावाला माझ्या जोडीला एक निवृत्त पोस्टमन होते. त्यांनी खचलेल्या माणसाचं सोंग घ्यायचं आणि मी सरळ विचारायचं, "जीव द्यायचे विचार येतात का?" माझ्या तोंडून निघालं, "चहा झाला का?" सगळे हसले. पोस्टमनकाका मात्र हसले नाहीत. म्हणाले, "बाई, इतकं आडून विचारलंत तर मी 'बरा आहे' असंच सांगणार."

तुझ्या कात्र्या पोचल्याचं कळवलं होतंच. मला कधी हातसुद्धा लावू दिला नाहीस, त्या कात्र्या! मी हुरळून गिऱ्हाइकांना दाखवत सुटले. आणि दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, जिवापाड जपलेल्या वस्तू कुणी देऊन टाकू लागलं तर लक्ष द्या.

ताई, माझा नुसता गोंधळ उडालाय. भाऊजी गेल्यावर तू तुझं केस कापायचं दुकान बंद केलंस, मग कात्र्या ठेवून करणार काय? साधी गोष्ट. पण परवा फोनवर तू किती दिवसांनी हसलीस, आणि बाई म्हणतात, एकाएकी शांत होणं हीसुद्धा खूण असू शकते. मी वैतागून विचारलं, "रडलं तरी खूण, हसलं तरी खूण, मग ओळखायचं कसं?"

"ओळखत बसू नका. विचारा. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नवं काही शिरत नाही."

त्यानंतर तुला तीनदा फोन केला. तीनदा 'नळाला पाणी आलं का' एवढंच विचारून ठेवला.

म्हणून लिहिते. ताई, तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?

'नाही' असेल तर मला खुशाल वेडी म्हण. 'हो' असेल तर रागावणार नाही. रडेन थोडी, मग दोघी मिळून डॉक्टरांकडे जाऊ.

हे टपालात टाकत नाहीये. बसमध्ये बसून लिहितेय, अक्षर त्यामुळेच असं. तुझ्या दारात आले की हातात देईन आणि वाचून होईपर्यंत समोर बसेन. उत्तर तोंडीच दे.

राहायचे कपडे घेऊन निघालेली,
तुझी धाकटी